एप्रिलमधला मृद्गंध

गेल्या वर्षीची डायरी परवा उघडली, तर एप्रिल महिन्यात चार ठिकाणी ‘मृद्गंध’ सापडला. एप्रिल, आणि तोही सोलापूरचा. पारा त्रेचाळीसला टेकलेला, दुपारी सात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि बाईसाहेब लिहितायत, ‘मनाच्या अंगणात मृद्गंध दरवळला.’ त्या महिन्यात आमच्या घराजवळ एकच वास होता, पलीकडच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटाराचा. त्याच्यावर एक ओळ नाही.

आधी डायरीचं सांगते. मी हिशेब लिहिते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात बावीस वर्षं झाली. दिवाळीत सूतवाले, रंगवाले, ट्रान्सपोर्टवाले डायऱ्या वाटतात. मालकांकडं पंधरा-वीस येतात, त्यातल्या दोन माझ्याकडं. एकीत दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब. दुसरी कोरी राहायची आणि वर्ष संपलं की शेजारच्या पोराला रफ वही म्हणून जायची. जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरात सूतगिरणीचं नाव, आत पहिल्याच पानावर रक्तगट विचारलेला. शनिवार-रविवार मिळून एक पान. हे शनिवार-रविवारचं अर्धं अर्धं पान पुढं माझ्या फार उपयोगी पडलं.

लिहायला बसले ती काही थोर कारणानं नव्हे. आमच्या पूर्व भागात नळाला पाणी चार दिवसांनी येतं, उन्हाळ्यात कधी पाच-सहा दिवसांनी. उजनीतून शंभरेक किलोमीटर पाइपातून येणारं पाणी आमच्या गल्लीत किती वाजता पोचेल, याचं वेळापत्रक कागदावर असतं आणि पाणी त्याच्या मर्जीनं. रात्री दोन, अडीच, कधी पहाटे चार. कुणीतरी जागं राहावंच लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. आधी फोन बघत बसायचे. मग डोळे चुरचुरायला लागले, डॉक्टरांनी रात्रीचा फोन बंद करायला सांगितला. मार्चमधली एक रात्र, हाताशी पेन होतं आणि ती कोरी डायरी. अठरा मार्चचं पान उघडलं. आधीची सगळी कोरी पानं तशीच सोडली.

लिहायचं काय, ठाऊक नव्हतं. पण कसं, ते ठरलेलं होतं, कारण बावीस वर्षं हात एकाच वळणाचा झालाय. हिशेबात खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद तशीच ठेवायची आणि खाली तिची उलट नोंद पाडायची. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते, तपासायला येणाऱ्यालाही शंका राहत नाही. डायरीलाही तोच नियम लावला. एक पान, पेननं, आणि काल खोटं लिहिलं असेल तर आज त्याची उलट नोंद.

पहिला महिनाभर नुसती रांगोळी. सूर्य मावळतीला झुकला होता. पाखरं घरट्याकडं परतत होती. आयुष्याच्या वळणावर. आठवणींची शिदोरी. आमच्या घरी तेलुगू बोलतात, माझं मराठी शाळेतलं. दहावीला मराठीत एक्याऐंशी मार्क पडले होते, ते निबंध पाठ करून. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आणि ‘मी फळा बोलतोय’ अजून पाठ आहेत, कुणी मध्यरात्री उठवून विचारलं तर म्हणून दाखवीन. म्हणजे लिहायचं मराठी माझ्याकडं ट्रंकेत ठेवलेल्या लग्नातल्या साडीसारखं होतं. घडी मोडली की डांबरगोळीचा वास. घरात नेसायची साडी वेगळीच होती, पण ती कागदावर नेसता येते हे डोक्यात नव्हतं.

मजा आली ती उलट नोंदींमुळं. बारा एप्रिलला लिहिलंय, ‘सिद्धेश्वर तळ्याकाठी संध्याकाळी बसले असता मन प्रसन्न झाले.’ तेरा एप्रिलला त्याखाली: ‘उलट नोंद. काल मन प्रसन्न वगैरे काही झालं नाही. चप्पल तुटली होती. ती हातात धरून बाकावर बसले होते आणि ओळखीचं कुणी भेटू नये एवढंच वाटत होतं. शेजारच्या बाईनं शेंगा देऊ केल्या. एका हातात चप्पल असल्यामुळं शेंगा सोलता येईनात, म्हणून नको म्हणाले. तिला वाटलं मी शिष्ट.’

ही नोंद लिहून झाल्यावर मी एकटीच हसले होते, नीट आठवतं. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा लिहिताना हसले.

तरी लगेच काही सुधारले नाही. मृद्गंध पुढं दोनदा आलाच. पण रोज लिहायचं म्हटल्यावर साठा संपतो हो. माणसाकडं पाठ केलेलं असून असून किती असणार? अधूनमधून लिहिणाऱ्याला हे कळत नाही, त्याचा साठा दोन वर्षं पुरतो, आणि दरवेळी वाटतं आपल्याला सुचलं. रोज एक पान खर्च केलं की चाळीस-पंचेचाळीस दिवसांत गोदाम रिकामं. माझं मेच्या पहिल्या आठवड्यात झालं. तीन मेचं पान असं: ‘आज काही नाही. पाणी २.४० ला आलं. ड्रम भरला.’ संपलं. बाकी पान कोरं.

मला वाटलं, झालं, हौस फिटली. आता उलटं वाटतं. डायरीची सुरुवात खरं म्हणजे तीन मेला आहे.

कारण पुढच्या पाण्याला, आठ मेला, लिहायला दुसरं काही नव्हतंच, म्हणून ड्रमच लिहायला घेतला. निळा प्लॅस्टिकचा दोनशे लिटरचा ड्रम, मोरीबाहेर. पाणी यायच्या आधी नळ फुसफुसतो. दोनदा खोकतो. मग थोडं तांबूस पाणी थुंकतो, ते बादलीत धरायचं, संडासाला होतं. मग धार. लिहिलं, ‘पाणी खळखळ पडू लागले.’ वाचलं आणि थांबले. खळखळ तर ओढा करतो. ड्रम खळखळत नाही. मग काय करतो? दिवा मालवला आणि ऐकत बसले. वय वर्षं अठ्ठेचाळीस, अर्धं आयुष्य पाणी भरण्यात गेलं, आणि रिकाम्या ड्रमात पाणी पडतं तेव्हा आवाज कसा येतो ते मला सांगता येत नव्हतं.

सुरुवातीला तो आवाज रुंद असतो. पत्र्याच्या शेडवर पाऊस पडतो तसा, पण लांबून. खाली वीतभर पाणी साठलं की त्यात एक जाड गुरगुर मिसळते, डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तशी. निम्म्यावर गुरगुर बारीक होत जाते. वरची हवेची पोकळी आखूड होते तसा सूर चढतो, हे कारण मला मागून कळलं. त्या रात्री एवढंच लिहिलं की ड्रम भरताना आवाज म्हातारा असतो तो पोरसवदा होत जातो. काठाला आलं की आवाज एकदम लहान, नुसतं पाण्यावर पाणी, बोट आपटल्यासारखं. तेव्हा उठायचं असतं. मी आयुष्यभर बरोबर त्याच आवाजाला झोपेतनंसुद्धा उठत आले होते. कानाला माहीत होतं, मला नव्हतं.

बारा मे, सतरा मे, एकवीस मे, पाणी येईल त्या रात्री ड्रमच. एकदा स्टीलची घागर, तिचा सूर निराळा. एकदा टाकी फुटकी निघाल्यावर शेजारच्यांनी लावलेली पिंपं, एकूण सात, सातांचे सात आवाज. मधल्या कोरड्या दिवसांत दुसरं काही. अम्मा विड्या वळायची तेव्हा सुपात तंबाखू सारताना तिच्या बांगड्या वाजायच्या नाहीत, कारण तिनं त्या कोपराकडं सरकवून त्यावर दोरा बांधलेला असायचा. ही गोष्ट मला तीस वर्षांनी, एका गुरुवारी, ऑफिसात जीएसटीचं जुळत नव्हतं तेव्हा आठवली आणि रात्री पानावर उतरली. असं पुष्कळ यायला लागलं. कुठं दडून बसलं होतं, देव जाणे. मला तर वाटतं वरती निबंधांचा ढीग होता म्हणून दिसत नव्हतं.

आता नान्नांबद्दल. नान्ना म्हणजे माझे वडील, वय शहात्तर. चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या. शेडमध्ये आठ माग एकदम चालू असले की समोरच्याच्या तोंडाकडं बघून बोलणं कळून घ्यावं लागतं. इतकी वर्षं त्यात काढल्यावर कान गेले, पूर्व भागात या वयाच्या निम्म्या म्हाताऱ्यांचे गेलेत. त्यामुळं आमच्या घरी सगळं ओरडून. भांडण आहे की जेवायला बोलवतायत, पाहुण्यांना कळत नाही.

नान्ना रात्री झोपत नाहीत फारसे. मी लिहीत बसलेली बघून एकदा त्यांनी विचारलं, काय एवढं? मी ओरडून सांगितलं, ड्रमचा आवाज लिहिते. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, मागाचा लिहून ठेव, मला आता आठवत नाही.

मला आठवत होता, पण लिहिता येईना. अजूनही येत नाही. ‘खटाखट’ लिहिलं की खोटं वाटतं. चार वेळा प्रयत्न केला, चारही उलट नोंदी. आवाज राहिला बाजूला, पण त्या निमित्तानं नान्नांना विचारत गेले आणि त्यांनी जकार्डबद्दल, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राबद्दल, जे सांगितलं ते एवढी वर्षं त्याच घरात राहून मला ठाऊक नव्हतं. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. कार्डात जिथं भोक तिथला धागा उठतो, जिथं नाही तिथला खाली राहतो, आणि उठलेल्या-बसलेल्यांच्या मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. एका ओळीला एक कार्ड. मोर असो की कमळ, माग ते कधी बघत नाही, त्याला त्या त्या वेळी एक ओळ दिसते. आमच्या सोलापुरी चादरीला उलटी बाजू नसते, वर जिथं तांबडं तिथं खाली पांढरं, नक्षी दोन्हीकडं. या चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात बातमी होती. नान्नांनी ती वाचली, घडी घातली आणि विचारलं, मजुरी वाढली का?

पाणी भरायला भिंतीपलीकडच्या मावशीही जाग्या असतात. त्या लिंगायत, घरी कानडी. भिंत कमरेएवढी आहे. जूनमधल्या एका रात्री त्यांनी विचारलं, ‘काय करालीस गं एवढ्या रातीला? हिशोब लिहालीस का?’ मी म्हटलं, असंच, मनातलं. तर म्हणाल्या, मग आमच्या सिद्धरामासारखं कर की. बोलायचं ते बोलायचं आणि शेवटी देवाचं नाव घालायचं.

हे मला नवीन होतं. सिद्धेश्वर म्हणजे माझ्या डोक्यात तळं, मंदिर आणि गड्डा, म्हणजे जानेवारीतली जत्रा. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी हे तळं बांधलं, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, एवढं सोलापुरातल्या पोरालाही माहीत असतं. पण ते कानडीत वचनं लिहीत, हे तेलुगू घरातल्या आणि मराठी शाळेतल्या मला कुणी सांगितलं नव्हतं. मावशींनी दोन म्हणून दाखवली, अर्थ मोडक्यातोडक्या मराठीत सांगितला. वचनाला ना मात्रा, ना ठरलेली लांबी. साधं बोलणं. फक्त प्रत्येक वचनात देवाला मारलेली हाक असते, ती त्या वचनकाराची खूण. बसवण्णांची कूडलसंगमदेव, सिद्धरामांची कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. आणि लिहिणारे कोण, तर त्यात दोर वळणारा होता, सांडलेले तांदूळ वेचून आणणाऱ्याची बायको होती. दिवसभराचं काम उरकून बोलणारी माणसं.

मी देवाचं नाव घालायचं धाडस केलं नाही. पण त्या दिवसापासून प्रत्येक पानाच्या शेवटी ‘नान्ना’ लिहायला लागले. ‘आज मालकांनी दोन पोरींना कामावरून कमी केलं आणि पगारपत्रकातली त्यांची नावं मीच खोडली, नान्ना.’ एवढ्या एका शब्दानं काय होतं ते करून बघितल्याशिवाय पटायचं नाही. बहिऱ्या माणसाला सांगायचं म्हटलं की शिदोरी आणि वळणं आपोआप गळतात. ओरडून कुणी उपमा देत नाही.

ऑगस्टमध्ये एका कथालेखन शिबिराला गेले होते. दोन दिवस, चहा-नाश्ता धरून फी. (उपीट चांगलं होतं.) मी ड्रमचं पान वाचलं, त्यात मावशींचं बोलणं जसंच्या तसं होतं. मार्गदर्शकांनी कौतुक केलं आणि म्हणाले, ते ‘करालीस’ तेवढं नीट करा, ‘करते आहेस’ असं हवं, वाचक अडखळतो. मी तिथल्या तिथं नीट केलं. घरी येऊन वाचलं तर भिंतीपलीकडं मावशी नव्हत्याच, आकाशवाणीवरची निवेदिका उभी होती. त्या रात्रीची नोंद लांबलचक आहे, त्यातले काही शब्द इथं छापण्यासारखे नाहीत. उलट नोंद पाडून ‘करालीस’ परत आणलं. त्या गृहस्थांचा राग नाही आला, खरं सांगते. पाच महिन्यांपूर्वी मीही तेच सांगितलं असतं.

जानेवारीत गड्डा आला. नान्नांच्या फायलीत माझं २००९ सालचं एक कात्रण आहे, एका पेपरात वाचकांच्या पानावर छापून आलेलं. ‘भक्तीचा महासागर उसळला’ अशी त्याची सुरुवात. तेव्हा किती मिरवलं होतं! या वर्षीच्या डायरीत नंदीध्वजांच्या, म्हणजे देवाच्या उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीचं अर्धंच पान आहे, आणि सातांपैकी एकाही नंदीध्वजाचं वर्णन त्यात नाही. बाळीवेशीपाशी एका बापानं मोटारसायकलच्या सीटवर पोराला उभं केलं होतं आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र बाराबंदीचे बंद बांधत होता. पोरगा मोजत होता. सहावर संपले. ‘अप्पा, बारा कुठं आहेत?’ बापानं शेवटची गाठ ओढली आणि म्हणाला, बाकीचे मोठा झाल्यावर. तेवढ्यात ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर झाला आणि पोरगं मोजणं विसरून दोन्ही हात वर करून ओरडलं. एवढंच लिहिलंय, नान्ना.

वर्ष पूर्ण झालं तेव्हा मी ताळेबंद काढला, सवयीचा भाग. अठरा मार्च ते सतरा मार्च, तीनशे पासष्ट दिवस. कोरी पानं एकसष्ट: ताप, भाचीचं लग्न, मार्चअखेर, आणि निव्वळ कंटाळा. लिहिलेली तीनशे चार. त्यातली दुसऱ्याला वाचून दाखवावीशी वाटतील अशी अकरा. आमच्या कारखान्यात तीनशे चार टॉवेलांत अकराच फर्स्ट निघाले असते तर मालकांनी टाळं लावलं असतं. पण सेकंड माल फेकत नाहीत आमच्याकडं, वजनावर विकतात, आणि तो घेणारे ठरलेले असतात. माझ्या सेकंड पानांची गिऱ्हाईक मीच आहे. अम्माच्या बांगड्यांचा दोरा असल्याच एका पानात तीन ओळींत पडला होता, बाकी पान अगदीच टाकाऊ. सात महिन्यांनी उचलला, त्याची गोष्ट झाली. एका दिवाळी अंकाला पाठवली होती, ती परत आली. पुन्हा पाठवणार आहे, दुसरीकडं.

कोरी पानं मागाहून भरायची नाहीत, हा नियम नंतर केला. आजारपणातली पानं बसून भरायचा मोह झाला होता, तारखा छापलेल्या असल्यामुळं ती टोचतात. पण मागच्या तारखेची नोंद ऑफिसात केली तर नोकरी जाईल, मग इथं का? शनिवार-रविवारच्या अर्ध्या पानांचा मात्र खरंच फायदा. पान पुरत नाही म्हणून वाक्य लवकर संपवायला लागतं, आणि माझ्या अकरा फर्स्टांपैकी सात शनिवार-रविवारची आहेत. यंदा सूतवाल्याकडं मुद्दाम लहान डायरी मागितली. तो म्हणाला, ताई, लोक मोठी मागतात.

काल पाणी ३.१० ला आलं. मी लिहीत बसले होते, नान्ना ड्रमापाशी पाट टाकून. मला आवाज ऐकू येत होता, मधली ती जाड गुरगुर. त्यांना काही नाही. त्यांनी तळहात ड्रमाला खालच्या अंगाला टेकवला आणि हळूहळू वर सरकवत आणला. खाली पाण्यामुळं गार लागतं, वर दिवसभराच्या उन्हानं प्लॅस्टिक अजून कोमट असतं. गार संपलं तिथं हात थांबला. मग पाणी चढेल तसा हातही चढत राहिला, इतका सावकाश की बघणाऱ्याला हलताना दिसू नये. चाळीस वर्षं ताण्यावरून हात फिरवून तुटका धागा शोधायचे, तोच हात.

‘सगम् निंडिंदि,’ नान्ना म्हणाले. अर्धा भरला.

मी पेन खाली ठेवलं, जाऊन त्यांच्या हाताखाली माझा हात लावून बघितला. मला कुठं गार संपतं ते कळलं नाही. त्यांनी माझं बोट धरून दोन इंच वर सरकवलं.